टाकीचा रिपोर्ट निगेटिव्ह

नागपुरात बेसा भागातल्या आमच्या अपार्टमेंटच्या पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर आधी टाळ्या पडल्या, मग फुलं पडली आणि शेवटी कुणीतरी पेढ्यांचा फोटो टाकला. मी तेव्हा स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. फोन वाजतच राहिला म्हणून ओल्या हातानंच उचलून पाहिला. आमच्या सचिवांनी रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीचा फोटो काढून टाकला होता. ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की नमुन्यात ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय आढळले. त्यातल्या 'निगेटिव्ह' या एका शब्दाभोवती सचिवांनी हिरवं वर्तुळ काढलं होतं.

मी कॉलेजात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन घरी बसले तरी असं काही दिसलं की हात लाल पेन शोधतो. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय म्हणजे एका जातीचे, काडीसारख्या आकाराचे जीवाणू. ते पाण्यात आढळले, म्हणजे ते पाण्यात आहेत. रिपोर्ट चांगला आल्याची ती बातमी नव्हती, आपल्या टाकीत कोण राहायला आलंय त्याची होती. मी तसं ग्रुपवर लिहिलं. त्याखाली दोन अंगठे आले आणि एका बाईंनी 'थँक्यू मॅडम, देवाची कृपा' असं लिहिलं.

दोष त्यांना तरी काय द्यायचा. करोनाच्या काळात साऱ्या नागपूरनं नाकात काड्या घालून घेतल्या आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो, पॉझिटिव्ह म्हणजे फसलो, एवढंच विज्ञान पदरात पाडून घेतलं. ते तेव्हा कामाला आलं होतं.

आमचे सचिव गांधीबागेत कापडाचे ठोक व्यापारी. माणूस गोड, कुणाच्याही दुखण्याखुपण्याला पहिला धावणारा. सोसायटीत कुणी काम करायला तयार नव्हतं, तेव्हा त्यांनी हे ओझं घेतलं आणि तेव्हापासून सोसायटी दुकानासारखी चालवली, म्हणजे गिऱ्हाईक नाराज होऊन जाता कामा नये. मी संध्याकाळी त्यांना खालच्या पार्किंगमध्ये गाठलं आणि म्हटलं, "भाऊ, पूर्ण रिपोर्ट दाखवा."

त्यांनी दाखवला. त्यात वर स्वच्छ लिहिलं होतं, पाणी पिण्यास अयोग्य.

"हे पाहिलं का तुम्ही?"

"पाहिलं ना मॅडम. थे लोक तसं लिहतेच. नाही लिहलं तं त्यायची दुकानदारी कशी चालन? दुसऱ्या वेळेस कोण तपासाले येईन?"

"आणि हे ग्रॅम निगेटिव्ह?"

"थेच तं सांगून राहिलो. एक ग्रॅमसुद्धा नाही निघालं."

मला हसू आलं आणि घामही आला. ग्रॅम म्हणजे इथे वजन नाही, जीवाणूंना रंग देण्याच्या एका जुन्या पद्धतीचं ते नाव आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी मीटिंग लावू. तुम्ही सगळ्यांले समजावून सांगा. शिकलेल्या माणसाचं ऐकलंच पायजे." आमच्याकडे एखाद्याचं ऐकायचं नसेल तर त्याला मीटिंगमध्ये बोलायला लावतात, हे मला कॉलेजातच कळायला हवं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो वीज खात्यातून निवृत्त झालेला आणि सोसायटीच्या कमिटीवर खजिनदार. सचिवांवर त्याचा फार जीव. दोघं रोज सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकडे गाडीनं जातात, तिथे चालतात आणि परत गाडीनं येतात. तो म्हणाला, "अवं, तू त्यायले कशाले टोकून राहिली? बिचारा फुकटात राबते."

"फुकटात राबतो म्हणून पाणी चांगलं होतं का?"

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना पण," तो म्हणाला. तीस-बत्तीस वर्षांचा संसार, रोज रात्री जेवताना मी माझ्या वर्गातलं काहीबाही सांगायचे, आणि हा समोर बसून मान हलवायचा. त्या मानेत काय शिरलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. गाड्या बाहेर काढल्या होत्या, पंखा आणून लावला होता. मे महिना होता, तरी बरेच लोक जमले, कारण नंतर आलुबोंडे होते. सचिवांनी माझी ओळख 'आपल्या सोसायटीचं भूषण' अशी करून दिली आणि माइक माझ्या हाती दिला.

मी ठरवलं होतं की कठीण शब्द वापरायचे नाहीत. म्हटलं, जीवाणूला हाड नाही, कातडं नाही. एवढासा जीव, आणि आत पाण्याचा दाब असा की तो फुग्यासारखा फुटून जाईल. तो फुटू नये म्हणून त्याच्याभोवती एक भिंत असते. ही भिंत विटांची नाही, धाग्यांची. साखरेच्या जातीच्या दोन रेणूंची एकाआड एक अशी लांबच लांब साखळी, अशा पुष्कळ साखळ्या शेजारी शेजारी, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे प्रथिनांच्या जातीचे छोटे छोटे टाके. सगळी मिळून एक जाळी होते. तिला पेप्टिडोग्लायकन म्हणतात, पण ते नाव विसरलात तरी चालेल.

"म्हणजे उभा धागा, आडवा धागा," सचिव पहिल्या रांगेतून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "कपडाच आहे म्हणा ना मॅडम."

"हो. तसंच समजा."

"मंग पॉझिटिव्ह आन् निगेटिव्हचा फरक काय?"

मला वाटलं, जमलं. एक तरी माणूस नीट ऐकतोय. मी उत्साहानं सांगितलं की ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूंमध्ये ही जाळी जाड असते, पदरावर पदर. ग्रॅम निगेटिव्हमध्ये एखाददुसराच पातळ पदर.

"पातळ?"

"पातळ. पण त्याच्यावरून आणखी एक आवरण असतं, चरबीचं. त्याला बाहेरून साखरेच्या शेपट्या. त्या आवरणामुळे बरीचशी औषधं आतपर्यंत पोचत नाहीत. शिवाय त्या आवरणाचाच एक भाग आपल्या रक्तात गेला तर ताप आणतो, जीवाणू मेल्यावरसुद्धा."

"आन् हा रंगाचा काय प्रकार आहे?"

"आधी जांभळा रंग देतात. मग स्पिरिटनं धुतात. जाड जाळीत रंग अडकून राहतो, तो पॉझिटिव्ह. पातळ जाळीतला रंग धुऊन जातो, मग त्यावर गुलाबी रंग चढवतात. तो निगेटिव्ह."

सचिव खुर्चीतून उठले, माझ्या हातातून अलगद माइक घेतला आणि लोकांकडे वळले. "पाहा, मॅडमनं किती सोपं करून सांगतलं. पॉझिटिव्ह म्हणजे जाड माल, पक्का रंग. निगेटिव्ह म्हणजे पातळ माल, धुतला का रंग गेला. आपल्या टाकीत कच्चा माल निघाला. भ्यायचं काही काम नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइक परत मागितला. वरच्या आवरणाचं पुन्हा सांगितलं, हाच कच्चा माल जुलाब, टायफॉइड, कॉलरा करतो असंही सांगितलं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्याकडे आरओ आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही. मी विचारलं, दात कुठल्या पाण्यानं घासता? कोथिंबीर कुठल्या पाण्यानं धुता? ते म्हणाले, कोथिंबीर मिसेस धुते.

तेवढ्यात आलुबोंड्यांचा वास सुटला आणि सभेचं लक्ष पांगलं. ते सावरायला सचिवांनी एक गोष्ट केली. पार्किंगमधल्या नळाखाली स्टीलचा ग्लास धरला, भरला, आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिऊन टाकला. ग्लास उलटा करून दाखवला. "मी पेलो. आता बोला."

मला वाटलं, इथवर ठीक आहे. पण माझा नवरा उठला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहायचं टाळलं. तो नळापाशी गेला, तोच ग्लास भरला आणि प्यायला. खजिनदारानं सचिवाच्या पाठीशी उभं राहायला हवं, असा त्याचा हिशोब असणार. बायकोच्या पाठीशी उभं राहणं तसं घरच्या घरीही करता येतं. मी माइक खुर्चीवर ठेवला आणि वर निघून आले. भेंडीची भाजी गरम केली आणि एकटीच जेवले. राग अन्नावर काढू नये म्हणून पोळीही एक जास्त खाल्ली.

सचिवांना काही झालं नाही. ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट. ते दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन गांधीबागेत गेले. आमच्याकडे मात्र त्यानंतरच्या दिवसांत नवऱ्याला आधी मळमळ, मग पोटात कळा, मग जुलाब आणि शेवटी ताप. तो न्हाणीघरातून पलंगावर आणि पलंगावरून न्हाणीघरात असा फिरू लागला, तेव्हा मला राग धरून ठेवणं कठीण झालं. मीठ-साखरेचं पाणी, ताकातला भात, ओल्या फडक्यानं अंग पुसणं, सगळं सुरू झालं. पाणी अर्थातच उकळून.

सचिव भेटायला आले. हातात शहाळं होतं आणि गोळ्यांची अर्धी उरलेली पट्टी.

"भाऊ, तुमची पचनशक्ती कमजोर आहे. पाहा ना, तेच पाणी मीबी पेलो."

नवरा क्षीण आवाजात म्हणाला, "त्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाल्ले होते. तेच बाधले."

"बरोबर. तर्रीच अशीन. ह्या गोळ्या घ्या, मागच्या वर्षी माझा गळा ह्यानंच साफ झाला."

मी पट्टी हातात घेऊन वाचली. पेनिसिलिनच्या घराण्यातलं जुनं औषध होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे औषध जीवाणूच्या भिंतीतले टाके पडू देत नाही, म्हणून तो फुटतो. पण परवा सांगितलं ना, काहींना वरून चरबीचं आवरण असतं. त्यांच्यापुढे यातली बरीच औषधं लंगडी पडतात. तुमच्या गळ्यातले वेगळे, यांच्या पोटातले वेगळे. डॉक्टर काय सांगतील तेच द्यायचं."

"जशी तुमची मर्जी," ते म्हणाले आणि पट्टी परत खिशात घातली. पुढे ती कुणाच्या घरी गेली, देव जाणे.

आमचा नवराच आजारी होता असंही नाही. मी जिन्यात, लिफ्टमध्ये, गच्चीवर जरा चौकशी केली तेव्हा कळलं, निम्म्या घरांत कुणी ना कुणी आडवं झालेलं. पण प्रत्येक घरानं आपापला आरोपी पकडून ठेवला होता. पहिल्या मजल्यावर लग्नातली मठ्ठा-जिलबी होती. त्याच्या वरच्या मजल्यावर झणझणीत सावजी मटण होतं. आरओवाल्यांकडे उन्हाळा होता. पाण्याला कुणीच बोल लावत नव्हतं, कारण पाणी निगेटिव्ह होतं.

ताप उतरत आला त्या दुपारी नवरा उशीला टेकून बसला होता. कूलर घरघरत होता. मी मीठ-साखरेच्या पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. तो ग्लासाकडे बघत बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"त्या वरच्या आवरणाचं तू काय सांगत होती? मी तेव्हा ऐकून नव्हतो राहिलो. आलुबोंडे किती मागवले याचा विचार करून राहिलो होतो."

मला आधी चीड आली. मग वाटलं, एवढ्या वर्षांत यानं माझ्या विषयातला प्रश्न पहिल्यांदा विचारलाय. तोही पोटात कळ असताना, म्हणजे मनापासून. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सावकाश सांगितलं. आत पातळ पडदा, मग ती नाजूक जाळी, मग बाहेरचं आवरण. त्या आवरणात बारीक दारं असतात, त्यातून लहान रेणू जाऊ शकतात, मोठे अडतात. बाहेरच्या साखरेच्या शेपट्या जातीजातीच्या निरनिराळ्या असतात, आणि आपलं शरीर त्यांवरूनच शत्रू ओळखतं. तो मध्येच म्हणाला, "हे सगळं एवढ्याशा जिवाभोवती?" मी म्हटलं, "हो. आणि तो ते वाढता वाढता, रोज उसवून पुन्हा शिवत असतो. जाळी उसवल्याशिवाय मोठं होता येत नाही, आणि जास्त उसवली तर मरतो."

त्यानं ग्लासातलं पाणी संपवलं. मग म्हणाला, "हे तू मुलामुलींना शिकवत होती? चांगलं काम होतं तुझं." मी उठून कूलरमध्ये पाणी घालायला गेले. कूलर भरलेलाच होता, पण जरा तिकडे उभी राहिले.

बरा झाल्यावर नवऱ्यानं स्वतःच सचिवांना सांगितलं की पुन्हा तपासणी करू. सचिव आनंदानं तयार झाले. "दोनदा निगेटिव्ह आला का पक्कंच झालं." नमुना घ्यायला ते स्वतः जमिनीखालच्या टाकीपाशी गेले. प्रयोगशाळेनं दिलेली बाटली निर्जंतुक होती. ती त्यांनी झाकण काढून, कोपरापर्यंत हात बुडवून, चांगली खळखळून भरली. हे मला त्यांनीच नंतर कौतुकानं सांगितलं. मॅडमला दाखवायचं पाणी म्हणून तळापासून काढलं, म्हणाले.

रिपोर्ट आला त्या दिवशी सकाळी दारावर थापा पडल्या. सचिव उभे होते, बनियनवर शर्ट अर्धा अडकवलेला, चेहरा उतरलेला.

"मॅडम, पॉझिटिव्ह निघाला."

मी रिपोर्ट वाचला. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय होतेच, आधीपेक्षा जास्त. पण खाली आणखी एक ओळ होती, थोडे ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय, द्राक्षांच्या घोसासारखे. गोल, जाड भिंतीचे, जांभळे. असले जीवाणू माणसाच्या कातडीवर राहतात. बाटली भरताना ते कुणाच्या हातावरून उतरले असणार, हे मला उघड दिसत होतं.

मी त्यांना तसंच सांगितलं. "भाऊ, हे पॉझिटिव्ह बहुतेक तुमच्या हाताचे आहेत. यांची काळजी करू नका. काळजी त्या दुसऱ्यांची करा, जे पहिल्या दिवसापासून आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी टाकीत विष कालवून आले होते. "मॅडम, पॉझिटिव्ह आहे हो. जाड भिंतवाला. तुम्हीच सांगतलं होतं मीटिंगमध्ये."

दुपारपर्यंत ग्रुपवर हाहाकार झाला. यावेळी वर्तुळ लाल होतं. मी खरं तेच लिहिलं, की पॉझिटिव्ह म्हणजे वाईट असं नसतं, आणि हे बहुधा निरुपद्रवी आहेत. त्यावर ज्या बाईंनी देवाची कृपा मानली होती त्यांनी लिहिलं की लहान मुलं आहेत इमारतीत, शिकलेल्या लोकांनी असं बेजबाबदार बोलू नये. आरओवाले गृहस्थ तर मुलांना घेऊन सासुरवाडीला निघून गेले. निगेटिव्हच्या वेळी मी भीती घालणारी होते, पॉझिटिव्हच्या वेळी हलगर्जी ठरले. मी आणखी एक मोठा खुलासा लिहायला घेतला, तेव्हा नवऱ्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"अवं, थांब ना जरा. टाकी साफ होऊन राहिली आहे. होऊ दे."

तो बरोबर होता. दुसऱ्याच दिवशी माणसं आली, गच्चीवरची आणि जमिनीखालची अशा दोन्ही टाक्या उपसल्या, घासल्या. जमिनीखालची टाकी रिकामी झाली तेव्हा तिच्या एका बाजूला, तळाच्या वर वीतभर, लांबलचक भेग दिसली. त्या बाजूला पलीकडे गटाराचं चेंबर होतं. भेगेतून काळसर ओल झिरपत होती. सचिव टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसून बराच वेळ आत बघत राहिले. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "हे पाणी मी पेलो?"

"आम्ही सगळेच प्यालो," मी म्हटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला त्या वेळी जास्त काही बोलवेना. पार्किंगमध्ये ग्लास भरताना त्यांनी खोटेपणा केला नव्हता. त्यांचा स्वतःच्या मालावर खरोखर विश्वास होता.

भेग बुजवली, चेंबर नव्यानं बांधलं, क्लोरीन टाकायची सोय झाली. तिसऱ्या तपासणीत एकही जीवाणू निघाला नाही. रिपोर्टावर ना निगेटिव्ह, ना पॉझिटिव्ह, नुसतं पाणी पिण्यास योग्य. सचिवांना तो रिपोर्ट जरा कोरा वाटला. प्रयोगशाळेत फोन करून त्यांनी विचारलंही म्हणे, की बाकी काही निघालं नाही तर तसं सहीशिक्क्यानं लिहून द्या.

पुढच्या मीटिंगमध्ये पॉझिटिव्हचं संकट वेळीच ओळखून निवारल्याबद्दल सचिवांचा सत्कार झाला. शाल मला पांघरायला दिली होती, म्हणजे त्यांच्या अंगावर. ती गांधीबागेतून त्यांच्याच दुकानातून आणलेली होती आणि फार सुरेख होती. मी पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

नवरा आता सकाळी तलावाकाठी चालताना मित्रांना जीवाणूंच्या भिंतीबद्दल सांगतो. एकदा मीही त्यांच्यासोबत गेले होते. तो दोन्ही हात पसरून बाहेरचं आवरण दाखवत होता, त्यातली बारीक दारं बोटांनी करून दाखवत होता. आवरण त्यानं चुकून पॉझिटिव्हला चढवलं होतं. सचिव त्याच्या शेजारी चालत होते, गंभीर चेहऱ्यानं मान हलवत. मी दोन पावलं मागे होते. त्याला अडवावं असं एकदा मनात आलं, पण तो इतक्या प्रेमानं सांगत होता की म्हटलं, घरी गेल्यावर सांगू.

घरी गेल्यावर मी सांगितलं. तो चहा ठेवत होता. म्हणाला, "मंग उद्या त्यायले पुन्हा सांगावं लागन," आणि मला जाळीचं पहिल्यापासून विचारायला लागला.